सूरचा चिनी हाफ

कोल्हापुरात डिसेंबर लागला की संध्याकाळी चारनंतर आमच्या पेठेत पुरुषमाणूस घरात सापडत नाही. फुटबॉलचा हंगाम सुरू झालेला असतो. तालमीच्या दारात खेळाडू बुटांचे बंद आवळत बसलेले असतात, कुणीतरी मारुतीपुढे नारळ वाढवतो, आणि मैदानाकडे जाणारा रस्ता माणसांनी नुसता भरून वाहतो. मीही जातो. साठी आली, उजव्या गुडघ्याला पट्टा असतो, डॉक्टर म्हणतात पायऱ्या चढू नका. मी चढतो. वरून तिसऱ्या पायरीवर माझी जागा ठरलेली आहे आणि ती सोडायचा माझा विचार नाही.

परवा मॅच रंगात आली असताना मागून एकानं आमच्या जुन्या खेळाडूला आवाज दिला, "बास कर की रं आता. पोरास्नी खेळू दे." ज्याला म्हटलं तो जेमतेम पस्तिशीचा. माझं डोकंच फिरलं. मागे वळून म्हटलं, "त्याचं बास झालं हे तुला कुणी सांगितलं? त्याचं त्याला कळतं." माझी मॅच मात्र तिथंच संपली. पुढचा सगळा वेळ डोळ्यांपुढे सूर दिसत राहिलं, ओमानचं ते किनाऱ्यावरचं गाव, आणि तिथल्या मैदानाच्या मधोमध उभा असलेला लुओ.

ओमानमध्ये ऋतू बदलला हे आभाळाकडे बघून कळत नाही, आभाळ बारा महिने सारखंच. ते घरात कळतं. ऑक्टोबरातल्या एखाद्या संध्याकाळी खिडकी उघडावी तर आत आलेली हवा चटका देत नाही. एसी बंद होतो आणि इतके महिने कानात भरलेली घरघर थांबते. मग बाहेरचे आवाज ऐकू यायला लागतात. मशिदीतली बांग, कपडे वाळत घालणाऱ्या बायकांची बोलणी, लाकडी गलबतं बांधणाऱ्या कारखान्यातली ठोकाठोक. वाऱ्यावर वाळत्या मासळीचा वास येतो आणि त्यातच सागवानी भुश्याचा. माझ्या बायकोला, सुमनला, त्या वासानं मळमळायचं. मला मात्र त्या वासानं पायांत वळवळ सुटायची, कारण तो आला की चार दिवसांत क्लबच्या मैदानावर चुना मारलेला दिसायचा.

मी तिथं नोकरीला, सूरबाहेरच्या गॅसच्या प्लँटमध्ये मेंटेनन्सला होतो. आपली मराठी माणसं थोडी, त्यात कोकणातली जास्त. शुक्रवारी सकाळी ती खडकाळ माळावर क्रिकेट खेळायची, रत्नागिरी विरुद्ध सिंधुदुर्ग, आणि आउट-नॉटआउटवरून दुपारपर्यंत भांडायची. मला त्यात रस नव्हता. तालमीत वाढलेला माणूस मी, आमच्याकडे पोरगं चालायला लागलं की त्याच्यापुढे चेंडूच टाकतात. त्यामुळे सूरमध्ये माझी सोयरीक जमली ती खमीसशी. खमीस आमच्याच प्लँटमधला ओमानी ऑपरेटर, क्लबच्या कमिटीवर होता आणि मॅचला ढोलही बडवायचा. मोठ्या मनाचा माणूस. पुढे त्याच्याशी मी भांडलो, तरी हे आधीच सांगून ठेवतो.

लुओ आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आला तेव्हा बिल्डिंगनं त्याला परस्पर काहीबाही ठरवून टाकलं होतं. खाली दक्षिणेला दुक्मच्या बंदरावर तेव्हा चिनी कंपन्यांची हालचाल सुरू झाली होती, म्हणून कुणी म्हणे इंजिनिअर, कुणी म्हणे दुभाषा. तळमजल्यावरचा सावंत त्याला मणिपूरचा समजून त्याच्याशी हिंदीत खूप वेळ बोलला आणि वर म्हणाला, "गप गप असता बिचारो." मी जिन्यात त्याच्या पोटऱ्या पाहिल्या आणि सुमनला म्हटलं, "हा खेळाडू आहे."

"तुम्हाला काय, सगळेच खेळाडू दिसतात," ती म्हणाली.

तिचं लक्ष त्याच्या थर्मासकडे होतं. एवढ्या उन्हात हा माणूस बाटलीतून वाफाळतं गरम पाणी प्यायचा. सुमनच्या लेखी गरम पाणी फक्त आजारी माणूस पितो. तिनं आलं, गवती चहा आणि मिरं घालून पातेलंभर काढा केला आणि मला वर पिटाळलं. लुओनं दारातच तो सगळा पिऊन टाकला, घाम पुसला आणि हसला. दुसऱ्या दिवशी पातेलं परत आलं ते खजुरांनी भरून. रिकामं भांडं परत करायचं नसतं हे त्याला कुणी शिकवलं कोण जाणे. सुमन त्या दिवसापासून त्याच्या बाजूची झाली, आणि एकदा का ती कुणाच्या बाजूची झाली की बाकीच्यांनी जपून राहावं.

क्लबनं त्याला हंगामासाठी आणलं होतं. परदेशी खेळाडूंत एक आशिया खंडातला चालतो, ती जागा त्याला मिळाली. तो मधल्या फळीत खेळायचा, आमच्या पेठेतल्या म्हाताऱ्यांच्या भाषेत हाफ. अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर सराव असे. ड्युटी सुटली की मी कुंपणाला टेकून उभा राहायचो. कोच ट्युनिशियाचे, उंच, कायम घसा बसलेला. पहिल्याच दिवशी मी फक्त लुओची मान बघत होतो. चेंडू पायाशी यायच्या आधी ती एकदा डावीकडे फिरायची, एकदा उजवीकडे. मग चेंडू यायचा आणि थांबायचाच नाही, लगेच पुढे, जिथं माणूस नंतर पोचणार असायचा तिथं. आमच्याकडे पोराची पारख अशीच करतात. गोल मारणाऱ्याच्या गळ्यात हार पडतो, पण मान फिरवणाऱ्याला मॅच संपल्यावर पेठेतला सगळ्यात जुना माणूस स्वतःच्या हातानं चहा देतो. हार वाळतो. त्या चहाची आठवण माणूस जन्मभर सांगत फिरतो. मी स्वतः हाफच होतो आणि मला तो चहा एकदाच मिळाला, यावरून माझी योग्यता काय ती समजून घ्या.

सूरला किनाऱ्यालगत फरसबंद रस्ता आहे. थंडीच्या दिवसांत सूर्य उतरला की गावच्या गाव तिथं फिरायला येतं. तिथल्या कठड्यावर बसून लुओनं मला त्याची कारकीर्द तुकड्यातुकड्यानं सांगितली, मोडक्या इंग्रजीत आणि बाकी हातवाऱ्यांनी. चीनच्या ईशान्येकडचा, कडाक्याच्या थंडीच्या मुलखातला. नऊ-दहा वर्षांचा असताना बापानं त्याला फुटबॉलच्या निवासी शाळेत सोडलं. जाताना बाप म्हणाला, रडलास तर परत नेईन. "आय नो क्राय," लुओ म्हणाला. हिवाळ्यात मैदान गोठायचं, पडलं की कातडी सोलवटायची. अंगापिंडानं लहान म्हणून त्याला मास्तरांनी कडेला, बचावात उभं केलं. तो सारखा मधे सरकायचा. मार खायचा, परत मधे सरकायचा. शेवटी मास्तर कंटाळले आणि म्हणाले, राहा तिथंच.

पुढं तो मोठ्या संघात गेला. खेळायला लागला, नाव व्हायला लागलं, तोवर मालकानं क्लब विकला. क्लबचं नाव बदललं, रंग बदलला, गाव बदललं. हे ऐकून मी त्याला थांबवलं. गाव कसं बदलेल? आमच्याकडे तालीम उचलून दुसऱ्या पेठेत नेऊन ठेवली तर रक्त सांडेल. लुओ म्हणाला, शेवटच्या दिवशी गावातली माणसं बसपुढे रस्त्यावर बसली होती. पोलिसांनी त्यांना उठवलं आणि बस निघाली. खिडकीतून बघायची त्याला लाज वाटत होती, पण त्यानं बघितलं.

मग तिकडं पैशाचा पूर आला आणि साऱ्या जगातले नावाजलेले खेळाडू चिनी क्लबांत येऊन दाखल झाले. ते यायचे ते पुढच्या फळीत, नाहीतर मधल्या. लुओची जागा ब्राझीलच्या एकाला मिळाली. "गुड मॅन," लुओ म्हणाला. "बट माय प्लेस." काही वर्षांनी नवा नियम निघाला, प्रत्येक संघानं तरुण पोरांना खेळवलंच पाहिजे. तेव्हा हा तिशी ओलांडून गेलेला. त्याचा हिशेब त्यानं बोटांवर मांडून दाखवला. आधी चिनी म्हणून बाहेर, मग म्हातारा म्हणून बाहेर. आणि आता ओमानात चिनी म्हणून आत, पण बाकावर. एवढं बोलून तो मोठ्यानं हसला. मला हसू आलं नाही, संताप आला.

कारण बाकाची गोष्ट खरी होती. क्लबच्या प्रायोजकांत एक चिनी कंपनी होती आणि तिला चेहरा हवा होता. गावात शिरताना लागणाऱ्या चौकात लुओचं भलंमोठं चित्र लागलं, हाताची घडी, पायाखाली चेंडू. लोक गाड्या थांबवून त्याच्याखाली फोटो काढायचे. मॅचच्या दिवशी चिनी साहेब पाहुण्यांच्या खुर्च्यांवर येऊन बसले की क्लबवाले लुओला कडेनं पळायला सांगायचे. टाळ्या व्हायच्या, फोटो व्हायचे, आणि तो परत बाकावर. कधी दिलाच वेळ तर शेवटची पाच-दहा मिनिटं, मॅच हातातून गेल्यावर. सगळं गाव त्याला "सीनी, सीनी" म्हणून हाक मारायचं, म्हणजे चिनी. प्रेमानंच मारायचं. पण ज्या कामासाठी माणूस घर सोडून आला, ते काम तेवढं त्याला कुणी करू देत नव्हतं. त्याला मैदानात मधोमध उभं राहून पुरी मॅच खेळायची होती. मागणं एवढंच होतं.

ओहोटीच्या वेळी तो एकटाच ओल्या वाळूवर पळायला जायचा. एकदा मी मागोमाग गेलो. तो पळता पळता मान फिरवत होता, डावीकडे, उजवीकडे. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. मला बघून थांबला नाही. मीही हाक मारली नाही, वाळूत बसून राहिलो आणि मनातल्या मनात क्लबच्या सगळ्या कमिटीला कोल्हापुरी शिव्या घातल्या.

शिव्या मनात राहिल्या नाहीत. प्लँटच्या कँटीनमध्ये मी खमीसला गाठलं.

"तुम लोग उसको खिलाता क्यूं नहीं?"

"रफीक, दोस्त, वो मेहमान है," खमीस शांतपणे म्हणाला. "इतना दूर से आया. मेहमान को तकलीफ नहीं देने का. गिरेगा, पैर टूटेगा, फिर? हमारा नाम खराब."

"तो मेहमान नाही, खेळाडू आहे," मी मराठीतच म्हणालो, रागाच्या भरात भाषेचं भान राहिलं नाही. मग हिंदीत म्हटलं, "मेहमान को चाय देते हैं. खिलाडी को बॉल देते हैं."

खमीसनं माझ्यापुढे चहा सरकवला. ओमानी माणूस पाहुण्याचं इतकं करतो की त्याच्याशी भांडायला जागाच उरत नाही, आणि ते मला फार जड गेलं. सन्मानानं बाजूला बसवलेल्या माणसानं तक्रार तरी कुणाकडे करायची? इथं कोल्हापुरातही आता तेच बघतो. काका, तुम्ही खुर्चीत बसा. काका, बक्षीस तुमच्या हस्ते. काकाला कुणी विचारत नाही की काका, चेंडू टाकू का.

डिसेंबर संपत आला तेव्हा खमीस आमच्या घरी आला, लुओला बरोबर घेऊन. चेहरा खुललेला. जानेवारीत क्लबला दुसरा आशियाई खेळाडू मिळत होता, तरणा. लुओला मोकळं करायचं ठरलं होतं. पण असंतसं नव्हे. पुढच्या शुक्रवारच्या मॅचला त्याला सुरुवातीपासून उतरवणार. दहाव्या मिनिटाला बदली खेळाडू आत जाणार आणि हा टाळ्यांच्या गजरात बाहेर येणार. कडेला अध्यक्ष त्याच्या खांद्यावर बिश्त घालणार, सोनेरी काठाचा तो मानाचा झगा. सूरच्या कारागिरानं केलेलं लाकडी गलबत देणार, हलवा वाटणार. "ऐसा इज्जत किसी को नहीं मिला," खमीस म्हणाला, आणि ते खरंच असावं.

लुओनं सगळं ऐकलं. छातीवर हात ठेवून आभार मानले. मग म्हणाला, "टेन मिनिट. आफ्टर?"

"आफ्टर खलास," खमीस हसून म्हणाला. "आराम."

खमीस एकटाच निघून गेला, लुओ थांबला. सुमननं जेवायला वाढलं. भाकरी आणि वांग्याचं भरीत, तो निमूट जेवला. मग मला विचारलं, तुमच्या गावात खेळाडू बाहेर कसा जातो? मी सांगितलं की आमच्या जुन्या लोकांच्या काळी बदली खेळाडू नव्हतेच. नारळ वाढवून उतरला की उतरला. पाय दुखावला तर माणूस लंगडत कडेला जाऊन उभा राहायचा, पण रेषेच्या आत. तिथून ओरडायचा, अडवायचा, जमलं तर लाथही घालायचा चेंडूला. बाहेर न्यायचं झालं तर उचलूनच न्यावं लागायचं. आणि नियमाचं म्हणशील, मी पुढं म्हटलं, तर तो आजही तोच आहे. मी पंचाची परीक्षा दिलेली आहे. बदलीची पाटी वर झाली आणि खेळाडू म्हणाला मी जात नाही, तर पंच त्याला ओढून काढू शकत नाही. खेळ पुढे सुरू होतो.

"अहो, कशाला भरीला घालताय त्याला?" सुमन स्वयंपाकघरातून म्हणाली. "परक्या देशात आहे तो."

"मी नियम सांगतोय."

"तुमचे नियम मला माहीत आहेत," ती म्हणाली. पण भाकरी मात्र तिनं त्याला आणखी एक वाढली.

शुक्रवार उजाडला तो निरभ्र, वारा पडलेला. दुपारीच मैदान भरलं. सावंत, त्याचे क्रिकेटवाले, सगळे आले होते, निरोप बघायला. पाहुण्यांच्या खुर्च्यांवर चिनी साहेब ओळीनं बसलेले. कडेला मेजावर गलबत, हलव्याचे डबे आणि घडी घातलेला काळा बिश्त. सुमनही आली होती, एरवी कधी येत नसे. खमीसनं ढोलावर थाप मारली आणि मॅच सुरू झाली.

लुओ मधोमध उभा होता. पहिला चेंडू आला तेव्हा त्याची मान फिरली, डावीकडे, उजवीकडे. ती दहा मिनिटं तो काय खेळला म्हणता! बाकीचे धावत होते, हा चालत असल्यासारखा वाटायचा आणि तरी चेंडू जिथं जाईल तिथं हाच आधी. गावानं त्याला हंगामभर पाहिलं होतं, चित्रात, कडेला, बाकावर. खेळताना आज पाहिलं. लोक हळूहळू गप्प झाले. आमच्याकडेही असं होतं, खेळ खरा लागला की आधी गलका थांबतो.

मग खेळ थांबला आणि कडेच्या पंचानं पाटी वर केली. लाल आकड्यात सहा, त्याचा नंबर. टाळ्या सुरू झाल्या. अध्यक्ष उठले, त्यांनी बिश्त उलगडून हातांवर घेतला. बदलीचा खेळाडू रेषेवर येऊन उड्या मारत होता. लुओनं पाटीकडे बघितलं. नीट बघितलं, आपल्याला दिसली नाही असं नाटक केलं नाही. मग त्यानं पाठ फिरवली आणि मैदानाच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

टाळ्या विरत गेल्या. पंच धावत त्याच्याजवळ गेले, पाटी दाखवली. लुओनं मान हलवली, नाही. कोच रेषेवरून बसक्या आवाजात ओरडले. लुओनं त्यांच्याकडे बघून पुन्हा मान हलवली. हात जोडले नाहीत, वाद घातला नाही, फक्त उभा राहिला. पंचांनी क्षणभर विचार केला, मग कडेच्या पंचाला हातानं खूण केली आणि शिट्टी फुंकली. पाटी खाली आली. बिश्त हातांवर तसाच घेऊन अध्यक्ष उभे होते.

मैदानात एवढी शांतता की चेंडूला बसलेली लाथ ऐकू यावी. आणि मग माझ्या शेजारून आवाज आला, "खेळ रे लुओ!" सुमननं आयुष्यात मैदानावर दिलेला तो पहिला आवाज. मी तर घसा फुटेस्तोवर ओरडलो. सावंत ओरडला, त्याची माणसं ओरडली. मी खमीसकडे बघितलं. तो ढोलावर हात ठेवून बसला होता. त्याच्या पाहुण्यानं भर गावात त्याचा मान परत केला होता. त्याला ते लागलं होतं, हे इतक्या लांबूनही मला दिसत होतं. मग लुओनं तिघांच्या मधून एक चेंडू काढून पुढे दिला आणि खमीसचा हात आपोआप ढोलावर पडला. एकदा, दोनदा. मग तो थांबला नाही. "लुओ, लुओ," तो ओरडत होता. सीनी हा शब्द त्या दिवसानंतर मी पुन्हा ऐकला नाही.

मॅच आम्ही जिंकलो नाही, एक-एक झाली. गोल लुओनं केला नाही, त्याच्या चेंडूवर झाला असंही मी सांगणार नाही, कारण झाला नव्हता. शेवटी शेवटी तो लंगडत होता. कोचनी पुन्हा पाटी वर करवली नाही. रेषेवर हाताची घडी घालून ते त्याच्याकडेच बघत राहिले, आणि त्यांचं ओरडणं बंद झालं होतं.

दिवे लागले होते. शिट्टी झाल्यावर लुओ कडेला आला, घामानं निथळत, मोजे घोट्यांपर्यंत उतरलेले. अध्यक्ष बिश्त घेऊन पुढे झाले. फोटोवाले जमले. मी कुंपणापाशी होतो, सगळं ऐकू येत होतं. लुओनं छातीवर हात ठेवला, अध्यक्षांपुढे वाकला, झग्याला हात लावला नाही. त्यांच्या बाजूनं निघून तो थेट कोचसमोर जाऊन उभा राहिला. आता हे त्याची कानउघाडणी करणार असं सगळ्यांनाच वाटलं.

"कोच," लुओनं विचारलं, "बुक्रा, टुमॉरो, ट्रेनिंग व्हॉट टाइम?"

कोचनी एकदा अध्यक्षांकडे बघितलं, एकदा त्याच्या सुजलेल्या गुडघ्याकडे.

"साडेचार," ते म्हणाले. "गुडघ्याला बर्फ लाव. आणि उशीर करू नकोस."